मन पेटतं तेव्हा: डीबीटीत नेमकं काय शिकवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कुणी एखादा शब्द लावून बोललं किंवा वेळेवर उत्तर दिलं नाही, की मनात असा भडका उडतो की पुढचे कितीतरी तास काही सुचत नाही. त्या भरात नाती तुटतील असं बोललं जातं, कधी स्वतःला इजा करावीशी वाटते, आणि सगळं ओसरलं की स्वतःचीच घृणा येते. समुपदेशन घेऊनही फारसा फरक पडला नाही. आता डॉक्टरांनी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, सुचवली आहे. घरचे म्हणतात की हे सगळं लक्ष वेधून घेण्यासाठी चाललंय. अशा वेळी डीबीटी वेगळं काय करणार, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

आधी उत्तर देते, मग तपशिलात जाऊ. डीबीटी भावना काढून टाकत नाही. भावना उसळते आणि हातून काहीतरी घडून जातं, या दोन गोष्टींच्या मधे आज तुम्हाला जागाच मिळत नाही. ती जागा तयार करायला ही थेरपी शिकवते. जागा मिळू लागली की हळूहळू भावनांचा जोरही उतरतो. भडक्यात झालेलं नुकसान, त्याची शरम, आणि त्या शरमेतून पुढचा भडका, हा फेरा तुटायला लागतो, म्हणून हे शक्य होतं.

घरच्यांच्या बोलण्याबद्दल आधी लिहिते, कारण पहिल्या सेशनला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात हीच शंका असते: मी खरंच नाटक करतोय का? डीबीटीची मांडणी अशी आहे की काही माणसं जन्मतःच भावनांच्या बाबतीत जास्त हळवी असतात. इतरांना जाणवणारही नाही अशा गोष्टीने त्यांच्यात भावना जागी होते, ती जास्त तीव्र असते, आणि शांत व्हायला तिला जास्त वेळ लागतो. यातली तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सकाळचा राग दुपारपर्यंत पूर्ण उतरलेलाच नसतो, आणि त्यावर दुपारचं काहीतरी येऊन पडतं. बघणाऱ्याला फक्त दुपारचं छोटंसं कारण दिसतं, म्हणून त्याला ती प्रतिक्रिया अवास्तव वाटते.

पण एवढ्यानेच त्रास होतो असं नाही. असं हळवं मूल जेव्हा ‘यात रडण्यासारखं काय आहे’, ‘तुला काही राग आलेला नाही, तू हट्ट करतेयस’ असं सतत ऐकत मोठं होतं, तेव्हा स्वतःच्या भावनेवरचा त्याचा विश्वास उडतो. तिला नाव देता येत नाही, तिचं काय करायचं ते कळत नाही. साध्या सांगण्याकडे कुणी बघत नाही आणि टोकाला गेल्यावर मात्र सगळे धावून येतात, हेही ते नकळत शिकतं. यात घरचे वाईट असतात असं मुळीच नाही. बऱ्याचदा ते प्रेमळ असतात, फक्त त्यांचा स्वभाव वेगळा असतो. मूल जितकं उसळतं तितके ते दटावतात, आणि जितकं दटावतात तितकं ते उसळतं. तुमच्या आजच्या वागण्याला असा इतिहास असू शकतो. त्याला नाटक म्हणून मोकळं झालं की उपायाचा रस्ताच बंद होतो.

ही थेरपी सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी उभी केली. वारंवार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या, स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांवर त्या नेहमीच्या वर्तन-उपचारांनी काम करत होत्या. त्या उपचारांचा रोख बदलावर होता: हा विचार बदला, ही सवय बदला. या स्त्रियांना त्यात एकच गोष्ट ऐकू यायची, की चूक तुमची आहे. त्या चिडायच्या किंवा थेरपी सोडून जायच्या. उलट नुसतं समजून घ्यायला गेलं, तर दुःख आहे तिथेच राहायचं, आणि आपली घुसमट कुणी गांभीर्याने घेत नाही असं त्यांना वाटायचं. लिनेहान यांनी दोन्ही गोष्टी एकाच तासात एकत्र आणल्या. तुम्ही आज जे करता त्यामागे तुमच्या परिस्थितीत समजण्यासारखं कारण आहे, आणि तरीही ते बदलायला हवं. ‘डायलेक्टिकल’चा अर्थ एवढाच: परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन खऱ्या गोष्टी एकत्र धरणं. स्वीकाराची बाजू त्यांनी बरीचशी झेन ध्यानपरंपरेतून घेतली. पहिल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष 1991 मध्ये आणि उपचारांची पुस्तिका 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. किशोरवयात आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो, स्वतःला इजा करत होतो, हे लिनेहान यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना आवर्जून सांगते. ज्या वेदनेसाठी ही पद्धत तयार झाली, ती वेदना तिच्या कर्तीने आतून पाहिलेली होती.

तुमच्या आधीच्या समुपदेशनापेक्षा इथली रचनाच वेगळी असते. आठवड्यातून एक वैयक्तिक सेशन असतं आणि त्याच्याबरोबर साधारण दोन-अडीच तासांचा स्किल्स ग्रुप असतो. ग्रुप म्हटलं की लोक बिचकतात, पण तिथे कुणी आपली कहाणी सांगत बसत नाही. तो वर्गासारखा चालतो. कौशल्य शिकवतात, गृहपाठ देतात, पुढच्या आठवड्यात तो तपासतात. सगळा अभ्यासक्रम सुमारे 24 आठवड्यांचा असतो आणि पुष्कळदा तो पुन्हा एकदा घेतला जातो, म्हणून पूर्ण डीबीटी वर्षभराची असते. याशिवाय दोन सेशनच्या मधे अडचण आली तर थेरपिस्टला थोडक्यात फोन करण्याची सोय असते. तो फोन मन मोकळं करण्यासाठी नसतो, ‘आत्ता या क्षणी कुठलं कौशल्य वापरू’ एवढं विचारण्यासाठी असतो. मूळ पद्धतीत एक नियम असाही आहे की स्वतःला इजा करून झाल्यावर पुढचे 24 तास ठरलेल्या भेटीखेरीज असा फोन करायचा नाही, अर्थात जिवाला धोका नसेल तर. ऐकायला कठोर वाटतं, पण फोन इजा करण्याच्या आधी यावा, हा त्यामागचा हेतू आहे. थेरपिस्टसुद्धा एकटे काम करत नाहीत. त्यांचा आपसातला गट दर आठवड्याला भेटतो, कारण या कामात थेरपिस्ट थकतो, चिडतो, घाबरतो, आणि त्याचं नुकसान शेवटी तुम्हाला सोसावं लागतं.

सेशनमध्ये काय बोलायचं याचाही क्रम ठरलेला असतो. जिवाला धोका असणारं वागणं सगळ्यात आधी. मग थेरपीलाच अडथळा आणणाऱ्या गोष्टी: न सांगता न येणं, गृहपाठ न करणं, आणि थेरपिस्टकडून होणाऱ्या चुकासुद्धा. त्यानंतर नोकरी, अभ्यास, व्यसन, नाती. हे ठरवायला रोज रात्री भरलेलं डायरी कार्ड उपयोगी पडतं. त्यात दिवसभरातल्या भावनांची तीव्रता आकड्यात लिहायची, स्वतःला इजा करण्याची ऊर्मी किती होती ते लिहायचं, कुठलं कौशल्य वापरलं त्यावर खूण करायची. पाच मिनिटांचं काम आहे. कार्ड नसेल तर सेशन ‘आठवडा कसा गेला’ यावर भरकटतं आणि मंगळवारी रात्री काय घडलं ते राहूनच जातं.

त्या मंगळवारी रात्रीचं काय करतात, ते एका उदाहरणातून दाखवते. अनेकांच्या अनुभवांतून मी ते जुळवलं आहे, कुणा एकीचं नाही. एका मुलीला संध्याकाळी मैत्रिणीचा मेसेज आला, ‘आज जमणार नाही.’ दोन तासांनी या मुलीने मैत्रिणीला ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असं लिहून ब्लॉक केलं, आणि रात्री स्वतःला इजा करण्याचे विचार आले. विचारलं तर ती म्हणेल, ‘अचानक झालं.’ आम्ही तिच्याबरोबर ते दोन तास कडी-कडी करून उलगडतो. त्याला चेन अ‍ॅनालिसिस म्हणतात. आदल्या रात्री झोप चारच तास झाली होती, दुपारी जेवण झालं नव्हतं. मेसेज वाचताक्षणी विचार आला, ‘मी नकोशी झालेय.’ छाती गरम झाली, हात थरथरले. मग तिने जुने मेसेज वर-वर जात वाचून काढले आणि कुठे-कुठे मैत्रिणीचं उत्तर तुटक होतं ते शोधलं. मग पाठोपाठ फोन लावले, उचलले गेले नाहीत. प्रत्येक न उचललेल्या फोनने पहिला विचार आणखी खरा वाटू लागला. मग तो मेसेज, मग ब्लॉक. आणि ब्लॉक केल्यावर? इथे ती थांबते, थोडी ओशाळते आणि म्हणते, ‘खरं सांगू? बरं वाटलं. दहा मिनिटं.’

त्या दहा मिनिटांत सगळी मेख आहे. ते वागणं पुन्हा-पुन्हा का घडतं याचं उत्तर तिथे मिळतं: त्याने लगेच सुटका होते. पुढे शरम येते, मैत्री तुटते, पण तोवर मेंदूने सुटकेची नोंद घेतलेली असते. ‘असं करू नकोस’ हा उपदेश म्हणूनच कामाचा नसतो. तितक्याच लवकर थोडी तरी सुटका देईल आणि मागे नुकसान ठेवणार नाही, असं काहीतरी हातात द्यावं लागतं. साखळी डोळ्यांसमोर असली की ते कुठे बसवायचं हेही दिसतं. मेसेज पाठवण्याच्या क्षणी थांबणं तिला जवळजवळ अशक्य होतं. जुने मेसेज उघडण्याच्या आधी थांबणं अवघड असलं तरी शक्य होतं. आणि दुपारचं जेवण तर सहज शक्य होतं.

आता त्या कौशल्यांकडे येऊ. चार गट आहेत: माइंडफुलनेस (आत्ता मनात-शरीरात काय चाललंय याचं भान), संकट सोसण्याची कौशल्यं, भावनांचं नियमन आणि नात्यांत परिणामकारक बोलणं. तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचा दुसरा गट आहे, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

भावना अगदी शिगेला असताना विचार करून शांत होता येत नाही. ‘नीट विचार कर’ हा सल्ला त्या वेळी कितीही बरोबर असला तरी पोचत नाही. तेव्हा शरीराच्या वाटेने जावं लागतं. श्वास रोखून, पुढे वाकून, चेहरा गार पाण्यात तीसेक सेकंद बुडवला, किंवा डोळे आणि गालांच्या वरच्या भागावर गार पाण्याची पिशवी धरली, की हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर आपोआप जे करतं तेच इथे होतं. पाणी गार हवं, बर्फासारखं नको. हृदयाचा त्रास असेल, नाडी मंद असेल, ठोके कमी करणारी औषधं चालू असतील किंवा खाण्यासंबंधीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. दुसरा उपाय म्हणजे काही मिनिटं जोरदार व्यायाम: जिने चढा-उतरा, जागच्या जागी धावा. रागाने शरीर धावपळीसाठी तयार केलेलंच असतं, ती ताकद वापरून टाकायची. तिसरा उपाय संथ श्वास: चार आकडे मोजत आत, सहा ते आठ मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला पाच-सहा श्वास. बाहेर सोडणं लांबलं पाहिजे, सगळा परिणाम त्यात आहे. श्वास सोडताना स्नायू सैल सोडत गेलात तर आणखी फायदा होतो.

या उपायांनी प्रश्न सुटत नाही, आणि ते त्यासाठी नाहीतच. शंभरातल्या नव्वदवर गेलेली भावना साठवर येते, थोड्या वेळासाठी. तेवढ्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो, कुणाला तरी जवळ बोलावता येतं. मात्र एक धोका मला वारंवार दिसतो. काही जणांना ही कौशल्यं इतकी आवडतात की थोडीशी अस्वस्थता आली तरी ते गार पाण्याकडे धावतात. मग ती भावना टाळण्याची नवी पद्धत होऊन बसते. शंभरातल्या चाळीसवर असलेल्या भावनेबरोबर बसायलाच शिकायचं असतं. ती काय सांगतेय ते ऐकायचं असतं.

ते तिसऱ्या गटात येतं. आधी तथ्य तपासायचं: नेमकं काय घडलं, आणि माझ्या मनाने त्यात काय भरलं? ‘आज जमणार नाही’ हे घडलं. ‘मी नकोशी झालेय’ हे भरलेलं. तपासल्यावर कधी असंही दिसतं की भावना अगदी रास्त आहे, समोरच्याने खरोखर वाईट वागवलं आहे. तेव्हा भावनेशी झगडायचं नसतं, प्रश्न सोडवायचा असतो. पण भावना तथ्यांशी जुळत नसेल, किंवा जुळत असूनही तिच्या मागे गेल्याने नुकसानच होणार असेल, तर तिच्या उलट कृती करायची. भीती पळायला सांगते, तर जवळ जायचं. शरम लपायला सांगते, तर मान वर करून चारचौघांत बसायचं. राग तुटून पडायला सांगतो, तर हळूच बाजूला व्हायचं, आवाज खाली आणायचा, समोरच्याच्या जागी स्वतःला क्षणभर ठेवून पाहायचं. यात अर्धवटपणा चालत नाही. तोंडाने गोड बोलत आतून मुठी आवळलेल्या असतील, तर राग तसाच राहतो. चेहरा, खांदे, हात, मनात चाललेला संवाद, सगळं उलट दिशेला न्यावं लागतं. थेरपीतलं हे सगळ्यात कष्टाचं कौशल्य, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फळ देणारंही.

झोप, वेळेवर खाणं, आजारपणावर उपचार, नशेपासून दूर राहणं, व्यायाम हेही याच गटात शिकवतात. हे इतकं साधं वाटतं की लोक पुढे सरकतात. वरची साखळी पुन्हा वाचा. पहिली कडी झोपेची होती.

स्वीकाराबद्दल मात्र फार गैरसमज आहेत. डीबीटीत सांगितलेला संपूर्ण स्वीकार म्हणजे जे घडलं ते घडलं आहे, हे मान्य करणं. ते योग्य होतं असं म्हणणं नाही, माफ करणं नाही, आणि पुढेही सोसत राहणं तर अजिबात नाही. घरात मारहाण होत असेल तर स्वीकार करायचा तो याचा, की इथे मारहाण होते आहे, आणि मग सुरक्षित जागी जाण्याची तयारी करायची. कुणी ‘स्वीकारायला शिका’ म्हणत तुम्हाला अन्यायात बसवून ठेवत असेल, तर ती डीबीटी नव्हे.

माइंडफुलनेस सगळ्याच्या मुळाशी आहे, कारण भावना चढतेय हे कळलंच नाही तर बाकी काही वापरता येत नाही. त्यासाठी तासन्‌तास ध्यानाला बसावं लागत नाही. ‘आत्ता राग येतोय, जबडा आवळलाय, फोन घ्यावासा वाटतोय’ असं मनातल्या मनात, बरं-वाईट न ठरवता म्हणता येणं, हा सराव आहे. भावनेचं मन एका बाजूला, कोरडं तर्काचं मन दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचं ऐकून घेणारं शहाणं मन, अशी मांडणी लिनेहान यांनी केली आहे. ते तिसरं मन प्रत्येकाकडे असतं, हे त्या गृहीत धरतात. मीही धरते.

हे सगळं शांत असताना घोटावं लागतं. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. संथ श्वास रोज, काहीच बिघडलेलं नसताना, पाच मिनिटं केला असेल तरच तो भडक्याच्या वेळी आठवतो. ‘करून बघितलं, उपयोग झाला नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदा केलं ते थेट सगळ्यात वाईट रात्री.

उपयोग किती होतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. लिनेहान यांच्या गटाच्या 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डीबीटी घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण, दुसऱ्या अनुभवी तज्ज्ञांकडे उपचार घेणाऱ्यांच्या साधारण निम्मं होतं. त्यांच्याच 2015 च्या अभ्यासात कौशल्य-शिक्षणाचा भाग महत्त्वाचा असल्याचं दिसलं. किशोरवयीन मुलांसाठीच्या डीबीटीलाही चाचण्यांचा आधार आहे. पण 2009 मध्ये कॅनडात झालेल्या एका मोठ्या चाचणीत डीबीटी आणि नीट आखलेले मानसोपचार यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांत सुधारणा झाली. म्हणजे जवळपास पूर्ण डीबीटी मिळत नसेल तर सगळं संपलं असं नाही. ठरलेली रचना, सातत्य आणि तुमचं दुःख गांभीर्याने घेणारा माणूस यांनीही खूप फरक पडतो.

सुरू करण्यापूर्वी निदान नीट करून घ्या. बायपोलर आजारात कित्येक दिवस टिकणारा उन्माद आणि तुमचा काही तासांचा भडका यांत फरक आहे, आणि उन्मादावर आधी औषधं लागतात. चालू औषधं डीबीटीच्या भरवशावर स्वतःहून बंद करू नका. थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा: डायरी कार्ड वापरता का, स्किल्स ग्रुप आहे का, सेशनच्या मधे फोनवर मदत मिळते का, तुमचा स्वतःचा सल्ला-गट आहे का. सगळ्याला ‘नाही’ उत्तर आलं तर ते चांगले समुपदेशक असतीलही, पण ती डीबीटी नाही. मग त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

घरच्यांना बरोबर नेता आलं तर जरूर न्या. त्यांनी तुमच्या प्रत्येक वागण्याला होकार द्यावा, असं कुणी म्हणत नाही. ‘तुला फार लागलंय हे दिसतंय मला. दार आपटणं मात्र चालणार नाही,’ ही दोन वाक्यं एका दमात बोलता आली तरी घरातला ताण कमी होतो. आधी भावना मान्य, मग वागण्याची मर्यादा. क्रम उलटला की पहिलं वाक्य ऐकूच जात नाही.

स्वतःला संपवण्याचे विचार आत्ता येत असतील, तर थेरपीच्या तारखेची वाट पाहू नका. जवळच्या माणसाला आजच सांगा, इजा करता येईल अशा वस्तू त्याच्याकडे देऊन टाका, आणि आपल्या भागातली आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइन किंवा रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. तसं नसेल, तर पहिल्या भेटीपर्यंतच्या दिवसांत एक काम करा. गेल्या महिन्यातला एकच प्रसंग निवडा, त्याच्या आदल्या रात्रीच्या झोपेपासून सुरुवात करा, आणि कडी-कडीने लिहून काढा. जिथे थोडं बरं वाटलं तीही ओळ गाळू नका. तो कागद घेऊन जा.